रूथमावशी आणि चर्चचं उघडं गेट

आज सकाळी रूथमावशी गेल्या. ज्या चर्चची त्यांनी एवढी वर्षं झाडलोट केली, त्याच चर्चनं त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली होती.

काहून घेतली, ते आज सांगणार. कुणाला आवडो न आवडो.

मावशी रिटायर्ड नर्स. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावातलं छोटं चर्च त्याच सांभाळायच्या. घंटासुद्धा त्याच वाजवायच्या.
आमचं घर त्या चर्चच्या भिंतीला लागून. आम्ही बौद्ध.

मी आठवीत असताना दुष्काळ पडला. चारा नाही म्हणून दूध सोसायटी बंद. सोसायटीचे चेअरमन टँकर आणायचे, तो त्यांच्याच गल्लीत रिकामा व्हायचा.

पाणी उरलं होतं फक्त चर्चच्या बोअरला.

चर्चच्या कमिटीनं ठरवलं, पाणी फक्त मेंबरांना. गेटला कुलूप.

दुसऱ्याच दिवशी मावशींनी कुलूप काढलं आणि आमच्या गल्लीत आल्या. "हंडे घ्या गं. चला."

आई दारातच थांबली. "आमी जयभीमवाले. आत आलेलं चालंल का?"

"बोअरला इचारते. चल गुमान."

रांग लांब, ऊन लई. मग मावशींनी चर्चचं दारही उघडलं. हंडे बाहेर ओळीत, बायका आत बाकांवर.
माझी आई आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये बसली आणि चक्क डुलकी काढली.

कमिटीचे सेक्रेटरी आले. "मावशी, बोअर आटला तर आपल्या लोकांनी काय प्यायचं?"

"ह्या रांगेत आपलं कोन न्हाई, तेवढं दाखवा मला."

त्यांनी किल्ली मागितली. मावशींनी दिली. आणि गेटच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या.
"आता लावायचं तर मला उचला."

कुणी हात लावला नाही. आई जाऊन त्यांच्या पायाशी बसली. मग गल्लीतल्या सगळ्याच.

संध्याकाळी चेअरमन आले. "एवढ्या बाया कशाला जमवल्यात? धर्म बदलायला?"

मावशी बसूनच बोलल्या. "तुमचा टँकर ह्यांच्या गल्लीत पाठवा. मी आत्ता गेट लावते."

टँकर आला नाही.
गेट लागलं नाही. पाऊस येईपर्यंत.

किल्ली मात्र त्यांना परत मिळाली नाही. रविवारी मागच्या बाकावर बसायच्या. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का?"
"वाटतं की. घंटा दुसरंच कुनी वाजवतं. पन पुन्हा तेच करीन."

आज दुपारी गावच्या ग्रुपवर एकानं टाकलंय, "गाव बाटवणारी बाई गेली."

दादा, आई शेवटपर्यंत बौद्ध होती. मी आजही आहे. मावशींनी आमच्यातलं कोण बाटवलं, एक नाव सांगा.

मी वाट बघतेय.

उद्या दहाला माती आहे. आमची अख्खी गल्ली येणार. कुणाची परवानगी घेणार नाही.

मावशी, निवांत जा. आमचा शेवटचा जयभीम घ्या.