टाकीच्या तोंडातला बोळा

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आई एकच गोष्ट मागत होती. अकलोलीला जायचं आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. "नेतो, आये," मी म्हणायचो. थंडी पडली की नेतो म्हणायचो, थंडी सरली की पुढच्या थंडीत. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. शेवटी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी एक जुनी विलायती गाडी घेतली. आईसाठी घेतली असं आमच्या निजामपुऱ्यात सगळ्यांना सांगितलं आणि वर्षभर आई सोडून बाकी सगळ्यांना तिच्यातून फिरवलं. आज पंधरा वर्षांनी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे लिहिताना मान खाली जाते.

आईनं विचारणं हळूहळू कमी केलं होतं. तिचा स्वभाव मला ठाऊक होता. एखादी गोष्ट तिनं "राहू दे" म्हणून सोडली की ती पुन्हा तिच्या तोंडून निघायची नाही. वडील गेल्यावर काल्हेरला माहेरी जाणं तिनं असंच सोडलं होतं.

त्या शुक्रवारी आठवड्याची सुट्टी म्हणून यंत्रमाग, आमचे लूम, बंद होते, गल्ली कधी नव्हे ती शांत होती. आई धुतलेलं लुगडं नेसून, कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. मी चावी फिरवली. इंजिन जोरात घरघरलं, पण पकडेना. पुन्हा फिरवली. नुसती घरघर.

चहाच्या टपरीवरून एक कारागीर ओरडला, "चाचा, बॅटरी खा जाओगे! धक्का दें क्या?"

"धक्क्याचं काम नाही," मी म्हणालो. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक होती. बायकोला चावीपाशी बसवलं आणि बॉनेट उघडलं. एक प्लग काढून, वायर लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. "फिरव!" निळी ठिणगी टचकन उडाली. प्लगचं टोक मात्र कोरडं होतं. पेट्रोल पोचत नव्हतं.

"काल भरलं म्हणालात ना?" बायको म्हणाली. "का तेही उद्यावर ढकललं?"

"भरलंय ग."

कार्बोरेटरची नळी काढून डब्यात सोडली. चावी फिरवल्यावर पंपानं पिचकारी मारायला हवी होती, आले चार थेंब. मग टाकीकडून येणारी नळी सोडवून तोंडानं फुंकली. आधी हवा जाईना, मग टाकीत बुडबुड ऐकू आलं. नळ्या जोडल्या. गाडी सुरू झाली! टपरीवरून टाळ्या पडल्या. मिनिटभरानं गाडी आचके देत बंद पडली.

"राहू दे, बाला," आई मागून म्हणाली.

मी ऐकलंच नाही असं दाखवून मागे गेलो. फुंकल्यावर सुटतं आणि परत अडतं, म्हणजे टाकीतच काहीतरी तरंगत होतं आणि नळीच्या तोंडाशी येऊन बसत होतं. टाकीचं झाकण केव्हाच हरवलं होतं. त्या जागी लूमवर हात पुसायला असतो तसला सुताचा बोळा होता, अर्धा आत घसरलेला. ओढला तर निम्मे धागे आतच राहिले.

"हा कोणाचा शहाणपणा?" मी ओरडलो.

"मीच लावला त्यो," आई म्हणाली. "झाकण न्हाय, वास सुटलेला. म्हटलं पेट्रोल उडून जाईल. तू तर आणतो आणतो म्हणत व्हतास."

ती घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या, म्हणजे धाग्याची रिळं, भरायची. आमच्या गल्लीत रॉकेलच्या बाटलीला, गळक्या नळाला, खिडकीच्या फटीला सुताचाच बोळा लागायचा. तिनं घरचं समजून केलं होतं. झाकण आणायचं काम माझं होतं, तिला न्यायचं कामही माझंच होतं. दोन्ही मी सारखीच लांबवली होती. मला ओरडल्याची लाज वाटली.

"चुकलं माझं, आये. बस तू. उतरू नको."

टाकीखालचा स्क्रू काढून पेट्रोल डब्यांत उतरवलं. त्याबरोबर पांढरे धागे शेवयांसारखे बाहेर आले. फडक्यातून गाळून पेट्रोल परत भरलं, नळी पुन्हा फुंकली. आता तोंडाला काय लावायचं? आईनं कनवटीची मिश्रीची डबी काढली, मिश्री पदरात बांधली आणि झाकण माझ्या हातात दिलं. हवेसाठी खिळ्यानं त्याला भोक पाडलं आणि ते तारेनं आवळून बसवलं.

बायकोनं चावी फिरवली. या वेळी गाडीनं पकडलं आणि सोडलं नाही.

अकलोलीत आई दुपारभर पाण्यात पाय सोडून बसली. अधूनमधून लुगडं गुडघ्याच्या वर सरकवत राहिली. परत येताना वाटेतलं अंबाडी गाव मागे पडल्यावर तिनं पुढच्या सीटला हात लावला.

"दिवालीला काल्हेरला नेशील?"

"नेतो" ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "दिवाळीला कशाला? पुढच्या शुक्रवारी जाऊ."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी नवं झाकण आणून बसवलं. मिश्रीच्या डबीचं झाकण साबणानं दोनदा धुऊन आईला दिलं. तिनं ते नाकाशी नेलं.

"वास येतंय अजून," ती म्हणाली. "शुक्रवारपरयंत जाईल."