सोबत कोन हाये?

आर्वीत दवाखाना थाटून मनाने कायम विलायतेत राहिलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचा डॉक्टर. हायस्कुलात त्याला इंग्रजी मीच शिकवलं होतं, त्यामुळे त्याचं कौतुक करण्याची सक्ती माझ्यावर नाही. आईवेगळा, शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा. नागपूरहून डॉक्टर होऊन आला आणि एस.टी. डेपोजवळ बसला. पण त्याला व्हायचं होतं सर्जन, आणि सर्जन फक्त इंग्लंडातच होता येतं ही त्याची ठाम समजूत. वर्ध्या-नागपुरात जे पोटं उघडून पुन्हा शिवत होते, ते त्याच्या लेखी शिंपी. पूर्वी म्हणे आपली पदवी दाखवली की तिकडे डॉक्टर म्हणून नाव नोंदलं जायचं. पण यानं सूट शिवायला टाकावा आणि नेमकी त्याच सुमारास तिकडच्या लोकांनी बाहेरच्या डॉक्टरांसाठी परीक्षा सुरू करावी, ही गाठ याच्याच नशिबात. तिकडच्या जागांच्या जाहिरातींचं साप्ताहिक तो बोटीने मागवायचा. ते आर्वीला पोचेपर्यंत जागा भरून नवा माणूस रजेवर जाऊन आलेला असायचा. तरी हा टायपिंगच्या क्लासात बसून झोकात अर्ज करायचा. "सर, एखांदा मले उशिरानं बी घेईन ना," म्हणायचा. असल्या आशेला मी मूर्खपणा म्हणतो.

त्याची दुसरी खोड त्याहून अजब. पेशंट समोर कण्हत असला तरी याचा पहिला प्रश्न, "सोबत कोन हाये?" पुढचं सगळं बोलणं सोबतच्या माणसाशी. सून तापाने फणफणलेली असायची आणि हा सासूला जीभ कशी दिसते ते विचारायचा. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "बीमार मानसाले काय समजते सर? जो धड हाये त्याले सांगा लागते." कोणी एकटा आला तर त्याच्यासाठीही सोय होती. याचे वडील शेतातून आले की दवाखान्याच्या बाकावर बसून असायचे. "बा, ह्याच्या सोबत बस," अशी आतून हाक आली की म्हातारा निमूट उठायचा, अनोळखी माणसाशेजारी बसायचा, गोळ्या कधी घ्यायच्या ते ऐकायचा आणि त्याला एस.टी.त बसवून देईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायचा. त्या दवाखान्यात शहाणा माणूस तेवढाच.

परीक्षेची तालीम माझ्यावर चालायची. संध्याकाळी मी पोट धरून टेबलावर आडवं व्हायचं आणि इंग्रज म्हातारी व्हायचं. "सर, तुमी बीमार वाटूनच नाई राह्यले," असं वर मलाच ऐकवायचा. बाहेरच्या बाकावरच्या बायांनी घरी जाऊन सांगितलं, मास्तरच्या पोटात काहीतरी मोठं झालं आहे, आणि माझ्या बायकोकडे समाचाराला माणसं येऊ लागली. एवढं सोसून या दिवट्याचा पहिला इंग्रजी प्रश्न काय, तर तुमच्यासोबत कोण आलं आहे? "अरे, ती एकटी आली आहे," मी ओरडायचो. "एकटी काऊन येईन?" हा उलट मलाच विचारायचा.

शेवटी गेला इंग्लंडला. तोंडी परीक्षेत साहेबाने विचारलं, पोट दुखतंय म्हणून एक म्हातारी आली आहे, काय कराल? याने सोबतचा माणूस मागितला. ती एकटीच आहे, साहेब म्हणाला. मग घरच्यांना बोलवा, तोवर थांबतो, असं सांगून हा खरोखर थांबला. नापास झाला. दुसऱ्या खेपेला पास झाला, पण सर्जरीच्या जागेसाठी जिथे तिथे तिकडचाच अनुभव मागत, आणि जागेशिवाय अनुभव येणार कुठून? मिळाली ती म्हाताऱ्यांच्या वॉर्डातली नोकरी, जिथे तिकडचे डॉक्टर जायला तयार नसत. नाव नोंदलं तेही तेवढ्या नोकरीपुरतं. नोकरी संपली की नोंदणी संपली. मग दुसरं गाव, पुन्हा म्हाताऱ्यांचाच वॉर्ड. अशी वर्षं गेली.

त्याचे वडील वारले तेव्हा तो आला, सगळं आटोपल्यावर. मी दात धरून बसलोच होतो. ओसरीवर टेकल्याबरोबर विचारलं, "काय रे, झाला का सर्जन?"

"नाई सर." तो बूट सोडू लागला. "तिथं भेटाची घंटा वाजते ना, तवा खाटेजवळच्या लय खुर्च्या रिकाम्याच राह्यते. मंग मी कोट काढून बसतो एखांद्याजवळ. घरच्यावानी." बूट बाजूला सारून म्हणाला, "वर्ध्याच्या दवाखान्यात बाच्या सोबत कोन होतं?"

म्हाताऱ्याच्या खाटेशेजारी काढलेल्या रात्रींचा हिशेब मी त्याला ऐकवणार होतो, तो राहिला. पोराची इतकी कीव मला कधी आली नव्हती. म्हटलं, "मी होतो."

त्याने मान हलवली, खुर्ची पुढे ओढली आणि दवाखान्यातल्याच आवाजात विचारू लागला, ताप कधी चढला, जेवण किती जात होतं, झोप लागली का. मी त्याला एकेक सांगत बसलो.