रशीदनं घेतलेलं माझ्या घराचं माप

रशीद टेलर गेला आणि माझ्या घराचं घेतलेलं माप नुसतंच राहिलं. शिवण झालीच नाही.

आज त्याला वर्ष झालं.

आणि मी आज इतका खूश आहे की हे सगळं टाईप करायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या, मी सातवीपर्यंतच शिकलोय.

रशीद माझा चौथीपासूनचा मित्र. मांजरसुंब्याला माझ्या खिडकीसमोरच त्याचं शिवणकामाचं दुकान होतं.

मला पहिल्यापासून सगळ्याची काळजी. किल्ली हरवेल, गोळी चुकेल, लाईटबिल राहून जाईल. म्हणून मी प्रत्येक वस्तू जपून ठेवायचो. इतकी जपून की ती परत सापडायची नाही.

बायको होती तोवर शोधून द्यायची. ती गेल्यावर एकदा बीपीच्या गोळ्या दोन दिवस सापडल्या नाहीत. तांदळाच्या डब्यात निघाल्या. तोवर मी चक्कर येऊन पडलो होतो.

मुलगा महेश पुण्याहून पळत आला. "अप्पा, बास झालं. आता माझ्याकडं चला."

मला घर सोडायचं नव्हतं. रशीदजवळ जाऊन बसलो.

तो मशीन न थांबवता म्हणाला, "कावून घाबरतो बे शिवा? तुझं डोकं बराबर हाय. घर तुझ्या मापाचं न्हाई."

रविवारी दुकान बंद ठेवून टेप आणि खडू घेऊन आला. स्टुलावर बसला.

"तू तुझं काम कर. माझ्याकडं बघू नको."

दिवसभर माझा हात जिथं आपोआप जाईल, तिथं उठून भिंतीवर खडूची फुली मारायचा. शेजारी एक अक्षर. गोळ्यांचा 'गो', चष्म्याचा 'च'.

"अरे, भिंत खराब होईल."

"तू खराब झालास, त्याचं काय? पॅन्टीचा खिसा कुणी गुडघ्यावर शिवतं का बे? हात जातो तिथंच खिसा पायजे."

शेवटची फुली त्यानं खिडकीच्या चौकटीशेजारी मारली. अक्षर लिहिलं नाही.

"हितं काय ठेवायचं ते मलाबी कळंना. पण तुझा हात सगळ्यात जास्ती हितंच गेला."

जाताना म्हणाला, "नवीन काय आणू नको. जुन्या पॅन्टी काढून ठेव. जुम्म्याला नमाज झाली की शिवायला बसू."

बुधवारी रशीदच्या छातीत कळ आली. गेला.

महेश म्हणाला, "अप्पा, तुम्हाला एकट्याला जमतं का वर्षभर बघतो. नाही जमलं तर मी ऐकणार नाही."

मग मी स्वतः सुई धरली. पहिल्या दिवशी खिसा माझ्याच लुंगीला शिवला गेला.

पण जमलं हो!

जुन्या पॅन्टीचे दोन खिसे भिंतीवर ठोकले, पिवळ्या दोऱ्याचा सकाळच्या गोळ्यांना, काळ्या दोऱ्याचा रात्रीच्या. फुलशर्टची बाही खालून शिवून उलटी टांगली, तिच्यात चष्मा. कफचं बटण लावलं की पडत नाही. ढाब्यावरून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, एक बाजू कापली, हाताला लागू नये म्हणून कडा ठोकून दुमडल्या. तो आडवा ठोकला, त्यात आधार, बिलं, दवाखान्याचे कागद. सरबताची बाटली कापून बॅटरीला घर केलं.

प्रत्येक वस्तू रशीदच्या फुलीवर. इकडे नाही, तिकडे नाही.

दिवाळीत रंगवाल्याला ती खिडकीजवळची मोकळी फुली पुसू दिली नाही. काय ठेवायचं ते मात्र कळत नव्हतं.

काल महेश आला. चहा प्यायच्या आधीच परीक्षा.

"रात्रीची गोळी?"

दिली.

"लाईटबिल?"

दिलं.

"डोळे मिटा. चष्मा?"

मिटल्या डोळ्यांनी काढून घातला. महेश त्या बाहीचं बटण काढून-लावून बघू लागला. मला वाटलं, आता काहीतरी चूक काढणार.

आज सकाळी मी खिडकीत उभा होतो. महेश मागून म्हणाला, "अप्पा, काय बघताय?"

"रशीदनं शटर उघडलं का बघतोय."

बोलून गेलो आणि जीभ चावली. शटर तर वर्षभर खालीच आहे.

महेश म्हणाला, "हात बघा तुमचा."

हात चौकटीशेजारी टेकलेला होता. बोटाखाली ती फुली.

रोज चहाच्या आधी, आणि मग दिवसातून कितीदा तरी, मी तिथंच हात टेकून त्याचं दुकान बघायचो. त्यानं माझा हात बघितला, पण त्या दिवशी समोरचं दुकान बंद होतं आणि दुकानदार माझ्या घरात स्टुलावर बसला होता. त्याला तरी कसं कळावं?

रशीदच्या बायकोकडे, हमीदाभाभींकडे गेलो. त्यांनी त्याच्या डब्यातला खडूचा उरलेला तुकडा दिला. घरी येऊन मी माझ्या जुन्या सदऱ्याचा छातीचा खिसा उसवला आणि खिडकीजवळ त्या फुलीवर ठोकला. खडू त्यात ठेवला.

महेश संध्याकाळच्या गाडीनं निघाला. एकट्यानंच. जाताना म्हणाला, "अप्पा, पुण्यात तुमचं असं माप कोण घेणार? राहा हितंच."

रशीद, सगळं मापात बसलं बे.

आता निवांत झोप. शटरकडं मी बघतो.