होडीचा कान आणि अर्धा वासा

खाडीच्या तळातून बादलीभर रेती काढली की त्या खड्ड्यात आजूबाजूची रेती आपोआप घसरत येते. किश्शांचं तसंच आहे. एक काढायला जावं तर चार घसरून येतात, आणि सांगणारा म्हातारा असला की ऐकणाऱ्याचं जेवण थंड होतं.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तर दमला म्हणून सुटलो. हे लिहितोय ते नातीमुळं. तिनं टीव्हीवर बघितलं की परदेशात लोक दम धरून समुद्रात खोल जातात आणि त्यांना मन ताब्यात ठेवायला शिकवणारे खास गुरू असतात. मी म्हटलं, आमच्याकडेही होता. लुंगी-बनियनवर बसायचा आणि विडी ओढू नका म्हणून विडी ओढत सांगायचा.

ते आमचे हसनचाचा. होडीचे मुकादम.

तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. रेती उपसायचे पंप अजून सगळीकडे आले नव्हते. भिवंडीच्या खाडीत आम्ही डुबी मारून रेती काढायचो. होडीच्या कडेला एक लांब लाकडी वासा तळात रोवायचा. पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी. वाशाला धरून खाली जायचं, बादली भरायची, दोरीला हिसका द्यायचा. वरचा माणूस बादली ओढणार, आपण वासा धरून वर येणार. नळी नाही, चष्मा नाही. छातीत मावेल तेवढा वारा, बस.

\*\*\*

चाचांचा पहिला नियम: खाली एकट्यानं जायचं.

मला वाटलं, म्हणजे दोघांनी एकदम उडी मारायची नाही. चाचा म्हणाले, "तसं न्हाय रे बाल्या. डोक्यात बायको घेऊन गेलास, तर ती पण तुझ्याच छातीतला वारा खाते. सावकार घेऊन गेलास तर तो दुप्पट खातो."

म्हणून आमच्या होडीवर एक रीत होती. पहिल्या डुबीआधी प्रत्येकानं होडीच्या पुढच्या टोकाशी जायचं, लाकडाला तोंड लावायचं आणि मनात जे खुपतंय ते तिथं सांगून टाकायचं. होडीच्या कानात. सांगितलं की ते होडीचं झालं, आपण मोकळे. बाकीच्यांनी ऐकायचं नाही.

बाकीचे सगळे ऐकायचे.

आमचा काशिनाथ तर होडीच्या कानात बोलायचा म्हणजे पलीकडच्या काठाला ऐकू जायचं. एकदा त्यानं बायकोच्या कालवणावर पाच मिनिटं सांगितलं. मीठ, मसाला, सासू, सगळं आलं. मग हलका होऊन खाली गेला आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त बादल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याची बायको काठावर उभी. पदर खोचलेला. चाचांना म्हणाली, "चाचा, ती होडी जरा काठाला लावा. मला पण तिच्याशी बोलायचा हाय."

चाचांनी होडी लावली. ती पुढच्या टोकाशी बसली आणि अर्धा तास बोलली. काशिनाथ काठावर उभा राहून ऐकत होता. त्यानंतर महिनाभर तो कालवणाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

\*\*\*

दुसरा नियम छातीचा. चाचा सांगायचे, "छाती पहिल्यांदा वारा मागते तवा ती खोटं बोलते. दुसऱ्यांदा मागते तवा पण खोटंच. तिसऱ्यांदा मागितला की ऐकायचं आणि वर यायचं. चौथ्यांदा मागायला ती राहत न्हाय."

हे कळायला मला दोन वर्षं लागली. मधल्या काळात पहिल्याच मागणीला घाबरून मी रिकाम्या बादल्या वर पाठवायचो आणि काशिनाथ वरून शिव्या पाठवायचा.

\*\*\*

शकूर आमच्यात उशिरा आला. शेलार गावच्या कापड कारखान्यात बारा वर्षं लूम चालवलेला माणूस. त्याला दोन मागण्यांच्या मधला वेळ काढायला जमेना. चाचा म्हणाले, काहीतरी मोज. तो म्हणाला, मला मोजायला लूम लागतो.

तर आमच्या जागेजवळ काठावरच एक लूमचा कारखाना होता. पाण्याखाली आवाज लांबून येतो. शकूर तळाशी गेला की त्या खटाखटीवर धोटा, म्हणजे लूममध्ये आडवा धागा नेणारं लाकूड, किती वेळा गेला ते मोजायचा. इतके धोटे गेले की बादली भरली, इतके गेले की वर. मशीनसारखा माणूस झाला. आम्हाला हेवा वाटायला लागला.

एक दिवस तो खाली गेला आणि लगेच वर. बादली रिकामी, डोळे मोठे.

चाचांनी विचारलं, "क्या हुआ?"

"चाचा, लाइट चली गई."

काशिनाथ म्हणाला, "आरं, खाली कवा लाइट होती?"

पण खरंच गेली होती. भारनियमन. कारखाना बंद, खटाखट बंद, आणि शकूर तळाशी घड्याळ हरवल्यासारखा. त्या दिवसापासून आमच्या होडीवर दोन वेळापत्रकं लागली. एक भरती-ओहोटीचं, दुसरं वीज कंपनीचं.

\*\*\*

एकदा मानकोलीकडून मोटरसायकलवर एक मुंबईचा पोरगेलासा साहेब आला. कुठंतरी बेटावर जाऊन दम धरायचा कोर्स करून आलेला. मनगटावर खोली सांगणारं घड्याळ. आमची डुबी बघायची म्हणाला, आणि स्वतः एक मारायची.

होडीत फळीवर डोळे मिटून बसला. मी विचारलं, झोपला का? तो म्हणाला, "नाही काका, आधी सगळी डुबी मनात बघायची. खाली जाणं, तळ, वर येणं. मनात एकदा झाली की शरीर घाबरत नाही."

बराच वेळ बघत होता. चाचा शेवटी म्हणाले, "साहेब, मनातून वर आलात की सांगा. खाडीचं पाणी फिरलं."

मग गेला खाली. चांगला गेला, खोटं कशाला बोलू. पण वर आला तो पांढराफटक. म्हणाला, "खाली काहीच दिसत नाही! हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही!"

शकूर म्हणाला, "साहब, दिखता तो हम भी डर जाते."

आम्ही खूप हसलो. त्या पोराला मी मनात येडा म्हणालो होतो. ते शब्द मला पुढं गिळावे लागले.

\*\*\*

आता माझं. हे सांगायला मला आवडत नाही.

एका ओहोटीला मी तळाशी असताना बादलीची दोरी माझ्या पायात गुंडाळली. काशिनाथनं हिसका समजून ओढली. मी उलटा. छातीनं पहिल्यांदा मागितलं, दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं, आणि पाय सुटेना. कसा सुटला ते आजही सांगता येत नाही. वर आलो तेव्हा चाचांनी मला केसांना धरून होडीत घेतलं. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती, तरुणपणी दोरीत गेलेली. त्या चार बोटांची पकड मला अजून टाळूवर आठवते.

पाय दोन दिवसांत बरा झाला. पण त्यानंतर मी वासा धरून खाली जायचो आणि अर्ध्यावरून परत यायचो. रोज. बरोबर अर्ध्यावर हात आपोआप थांबायचे. मला दुसरं काम येत नव्हतं. डुबी गेली तर मी कोण, हा प्रश्न होता, आणि होडीच्या कानात सांगूनही तो होडीचा होत नव्हता.

कोणी शिव्या देईना. काशिनाथसुद्धा. ते जास्त लागलं.

चाचांनी मला वरचं काम दिलं, दोरी धरायचं. "खालचा माणूस दोरीतून ऐक," म्हणाले. घरी मी पातेल्यात पाणी घेऊन तोंड बुडवून बसायचो. शेजारीण धावत आली आणि आमच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, भाऊजी जीव देतात." बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "देऊ दे. पातेलं धुऊन ठेवलं म्हणजे झालं." पण रोज ते पातेलं तीच भरून ठेवायची. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून ठेवतो.

आणि त्या मुंबईच्या पोराचं ऐकून मी डोळे मिटून डुबी मनात बघायला लागलो. मनातसुद्धा मी अर्ध्यावर थांबायचो.

चाचांना मी हे सांगितलं. म्हटलं, तिथं खाली कोणी नसतं, त्याची भीती वाटते. चाचांनी ऐकून घेतलं आणि हातातली विडी पाण्यात टाकली. त्यांना दम्यानं धरलं होतं, चार वर्षं पाण्यात उतरले नव्हते. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता पाणी प्यायचं तेवढंच.

\*\*\*

शेवटचा किस्सा त्यानंतरच्या चौथ्या का पाचव्या दिवसाचा.

चाचा म्हणाले, "बाल्या, आज तू जा. बादली नको, नुसता तळ शिवून ये. पण आधी होडीशी नीट बोल. घाई करू नको."

मी पुढच्या टोकाशी बसलो, डोळे मिटले, लाकडाला तोंड लावलं. मागं होडीत गोंधळ सुरू होता. काशिनाथ आणि शकूर चहाच्या साखरेवरून भांडत होते. एवढ्या मोठ्यानं ते कधी भांडले नव्हते. माझं चित्त लागेना. शेवटी उठलो, काशिनाथकडे रागानं बघितलं, त्यानं मान फिरवली. मी इकडं तिकडं न बघता छाती भरली आणि वासा धरून खाली गेलो.

पाणी काळं झालं. कान दाबले गेले. एक हात, दुसरा हात, एक हात. अर्धं आलं. माझे हात थांबले.

तिथं वाशावर एक हात होता.

तो माझ्या हातावर आला. थोपटला, एकदा, दोनदा. मग त्यानं मला खालच्या बाजूला ढकललं. मी मोजली. चार बोटं.

मी तळाला गेलो. मूठभर रेती घेतली. छातीनं एकदा मागितलं, दुसऱ्यांदा मागितलं, मी तिला बोलू दिलं. वर आलो आणि मूठ होडीत उघडली.

काशिनाथ आणि शकूरचं भांडण संपलं होतं. हसनचाचा आपल्या जागेवर बसून चहा पीत होते. छाती भात्यासारखी वाजत होती, आणि दाढीतून पाणी टपटप कपात पडत होतं.

मी म्हटलं, "चाचा, चहात पाणी पडतंय."

चाचांनी एक घोट घेतला. दम लागत होता म्हणून थांबून थांबून म्हणाले, "पडू दे. काशिनाथनं आज साखर जास्त घातली हाय."