सात ते नऊ

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे मला खंबीर समजतात. प्रार्थनेत माझा आवाज सगळ्यांत मोठा, गाणं मीच उचलते, आणि कुणाच्या घरी दुखणं आलं की "भिऊ नका, प्रभू आहे" म्हणायला पहिली मीच पोचते. पण घरी ढग गडगडले तरी माझ्या हातातलं काम थांबतं. नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला तर मनात मी त्याला मातीसुद्धा देऊन येते.

आमची वाडी धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तीस-पस्तीस घरं. त्यातली तीन प्रभूला मानणारी: आमचं, शेजारचं थोरल्या जाऊबाईंचं आणि ओढ्यापलीकडचं एक. जाऊबाईंनी आधी विश्वास धरला, मग आम्ही. गावाने आम्हाला तोडलं वगैरे काही नाही, खोटं कशाला बोलू. लावणीला एकमेकांच्या शेतात जातो, बाळंतपणाला धावतो. फक्त भात निसवलं, कणसं बाहेर पडली की वाडी गावदेवाला नारळ देते, घरटी एक, आणि त्यात आमचे तीन नसतात. कुणी मागतही नाही. नारळ गोळा करणारा माणूस आमच्या अंगणापाशी आला की पाय जरा हळू टाकतो आणि पुढे जातो. तेवढ्या वेळात मी चुलीपाशी उभी राहून देवाला सांगते, या वर्षी आमच्या घरात काही होऊ देऊ नकोस. झालं तर सगळे म्हणतील, बघा. ते एक "बघा" ऐकायची मला फार भीती वाटायची.

त्या वर्षी नारळ होऊन आठवडा झाला होता. सकाळचे सात वाजले होते. नवरा आटगावजवळच्या कंपनीत कामाला, तो पहिल्या गाडीनेच गेलेला. मी भाकरी थापत होते आणि मुलीला म्हटलं, पडवीतली दोन लाकडं आण गो. ती चौथीत होती तेव्हा. गेली, आणि लगेच परत आली. रडत नव्हती. नुसता हात पुढे धरला आणि म्हणाली, "आई, काटा नाय टोचला. हलत होता."

मी पडवीत गेले. लाकडांच्या बुडाशी ते बसलं होतं, वीतभर लांब, मातकट, अंगाचे वेढे एकमेकांवर घासत. करवतीसारखा तो खरखर आवाज मला अजून ऐकू येतो. फुरसं. आमच्याकडे लहान पोरालाही ते ओळखता येतं. मी पहारीने त्याला ठेचलं आणि मग पोरीचा हात उजेडात धरला. करंगळीखाली दोन ठिपके होते. इतके बारीक की नीट बघितल्याशिवाय दिसू नयेत.

आता मी काय केलं ते सांगते. मी दार लावलं.

आमच्या वाडीत साप चावला की माणसाला आधी भगताकडे नेतात. तो मंत्र म्हणून विष उतरवतो अशी त्याची ख्याती, त्याच्या बापाची तर त्याहून मोठी. कुणाच्या कानावर गेलं असतं तर दहा माणसं धावत आली असती, पोरीला उचलून त्याच्या ओटीवर नेऊन बसवलं असतं. आणि तिथे कुणीतरी विचारलं असतंच, नारळ दिलावता का? रस्त्यावर जायचं तर सगळ्या वाडीतून जायला लागतं. मोबाइलला रेंजही तिथेच, रस्त्याला लागल्यावर. मी कडी घातली आणि मागच्या दाराने जाऊबाईंना बोलावून घेतलं.

जाऊबाई शांत बाई. त्यांनी पोरीचा हात बघितला आणि म्हणाल्या, "चल, दवाखान्यात नेऊ हिला. प्रार्थना वाटेत करू."

मी त्यांना काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "ताई, तुमचा प्रभूवर इश्वास नाय का?"

ज्या बाईने मला गुडघे टेकायला शिकवलं तिला मी हे म्हणाले. त्यांना वाटलं असणार, हिचा विश्वास मोठा आहे, आपण कमी पडतोय. त्या खाली बसल्या. आम्ही दोघींनी पोरीच्या हातावर हात ठेवले. शास्त्रात बेटावरच्या त्या माणसाची गोष्ट आहे, हाताला साप लोंबकळला आणि त्याला काहीच झालं नाही, ती गोष्ट मी देवाला पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू तो विसरला असेल. आवाज मात्र दबका. एरवी माझी प्रार्थना ओढ्यापलीकडे ऐकू जाते. त्या दिवशी बाहेर कुणाची चाहूल लागली की मी मधेच थांबायची.

अर्ध्या तासाने करंगळी दुप्पट झाली. मग पंजा. मी डोळे मिटायची, उघडायची, आणि दर वेळी सूज थोडी वर आलेली असायची. पोरगी एकदा म्हणाली, "आई, दवाखान्यात नाय जायचं का?" मी म्हटलं, "प्रभूवर इश्वास ठेव." तिने मान हलवली. बाहेर पोरं शाळेला गेली, एक बाई हंडा घेऊन आमच्या अंगणातून गेली, कुणीतरी मला हाक मारली. मी ओ दिली नाही. मनातल्या मनात मला ठाऊक होतं की मी देवाची वाट बघत नाहीये, वाडी रिकामी होण्याची वाट बघतेय. लोक शेतावर गेले की निघू, असा माझा हिशोब चालला होता, आणि त्याला मी विश्वास म्हणत होते.

नऊच्या सुमाराला पोरीने पाणी मागितलं. चूळ भरून थुंकली तर पाणी गुलाबी. हिरड्यांतून रक्त येत होतं.

मी तिला कडेवर उचललं आणि मागच्या दाराने, शेताच्या बांधावरून पळत सुटले. जाऊबाई मागून येत होत्या, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्या मागे पडल्या. तेव्हाही मी बांधावरून गेले, वाडीतून नाही. आणि तो बांध रस्त्याला जिथे मिळतो तिथेच भगताचं घर आहे, हे मला रोज माहीत असून त्या वेळी आठवलं नाही.

तो ओटीवर चहा पीत होता. "अशी मागल्या वाटेनं कुठं चाललीस गो?"

"ताप आलाय पोरीला."

तो उठून आला, तिचा हात बघितला. "फुरसं हाय हे. कदी चावलं?"

"आत्ताच."

"आत्ता चावलं तर सूज कोपरापावत येत नाय." त्याने आत जाऊन कात्री आणली आणि तिच्या हातातली प्लॅस्टिकची बांगडी कापून टाकली. ती मांसात रुतली होती. मी दोन तास त्या हातावर हात ठेवून बसले होते आणि मला बांगडी काढायचं सुचलं नव्हतं.

मी पोरीला छातीशी ओढलं. म्हटलं, "आमाला मंतर नको. आमी तसलं काय करत नाय."

"मंतर कोन म्हणतंय?" तो माझ्यावर खेकसला. "माझ्या भावाचा पोरगा या ओटीवर गेला, माझ्या हातात. तवापासनं आदी दवाखाना, मंग मी. बस गाडीवर."

त्याने मोटारसायकल काढली. पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये. रस्ताभर तो काहीतरी पुटपुटत होता आणि मीही पुटपुटत होते. मी काय म्हणत होते ते त्याला ऐकू जात असणार. तो काय म्हणत होता ते मला ऐकू येत होतं, आणि मी त्याला थांबवलं नाही. पोरीची मान एका बाजूला कलली की मी तिला हाक मारायची, ती "हं" म्हणायची. त्या "हं" पलीकडे मला दुसरं काही नको होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हात बघितला, हिरड्या बघितल्या, कागद ओढला आणि विचारलं, "किती वाजता चावलं?"

"नऊला," मी म्हटलं.

तिने नऊ लिहिलं. भगत भिंतीला टेकून उभा होता. आणखी चार-सहा लोक बाकावर होते, त्यांत आमच्या शेजारच्या वाडीची एक बाई. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं असतं, येशूवाल्यांनी पोरगी दार लावून ठेवली. आणि नाही सांगितलं तर डॉक्टरीण चुकीच्या वेळेवर माझ्या पोरीचं औषध ठरवणार. तेवढ्यात देवाने मला धीर दिला असं मी म्हणणार नाही. धीर आलाच नाही. भीत भीतच मी बोलले.

"सातला चावलं. मी घरी ठेवली. दार लावून प्रार्थना करत होते."

डॉक्टरणीने माझ्याकडे एकदा बघितलं. नऊ खोडून सात लिहिलं. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. भगत खाली बघत राहिला.

तिने पोरीचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी केली. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, म्हणाली. रक्त गोठलं तर विष फारसं भिनलेलं नाही. नाही गोठलं तर भिनलंय.

त्या वीस मिनिटांत मी देवाकडे एकच मागणं मागितलं. गोठू दे. पुढेमागे काही जोडलं नाही, जोडायला सुचलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आणि ती नळी, यांच्याशिवाय त्या खोलीत मला काही दिसत नव्हतं. वेळ झाल्यावर डॉक्टरणीने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं.

मी खाली बसले. मी मागितलं ते मिळालं नव्हतं आणि देव तरीही होता, हे मला त्या फरशीवर बसून पहिल्यांदा मान्य करावं लागलं. सलाईनमधून इंजेक्शनं सुरू झाली. दुपारी पुन्हा नळी, पुन्हा तेच. निरोप मिळून नवरा आला, त्याला मीच सगळं सांगितलं, आणि तो बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला. संध्याकाळी तिसऱ्या वेळी रक्त गोठलं. भगत तोवर थांबला होता. जाताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. नारळाचं नाव त्याने काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या रविवारी मंडळीत सगळ्यांना माझी साक्ष ऐकायची होती. आमच्यात तशी रीतच आहे, संकटातून सुटलं की उभं राहून सांगायचं. मंडळी चालवणाऱ्या पाळकांनी आधीच म्हणून ठेवलं होतं, प्रभूने सापाच्या विषातून लेकरू वाचवलं, त्याची आई सांगेल. मी उभी राहिले आणि सात ते नऊ सांगितलं. कुणाला भिऊन दार लावलं ते सांगितलं. जाऊबाईंना काय बोलले ते सांगितलं. मधे कुणी "आमेन" म्हणालं नाही. मी बसल्यावर पाळकांनी घसा खाकरला आणि गाणं घेतलं. जाऊबाईंनी गाण्याचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मी सांगितलं होतं" असं त्या मला आजवर म्हणालेल्या नाहीत.

मला वाटलं, हिशेब मिटला. खरं सांगितलं, माफी मागितली, पोरगी वाचली. करंगळी तेवढी थोडी वाकडी राहिली.

मग गेल्या पावसाळ्यात शाळेच्या बाई मला धसईच्या बाजारात भेटल्या आणि हसत म्हणाल्या, "तुमची मुलगी फार हुशार हो. परवा मैदानात तिच्या पायात खिळा घुसला. एवढं रक्त, पण रडली नाही. मला म्हणते, बाई, आधी मला दवाखान्यात न्या, आईला मग सांगा."

मीही हसले. हसावंच लागलं. खिळ्याचं मला माहीत होतं, पायाची पट्टीही बघितली होती. पण आधी दवाखाना, मग आई, हे मला माहीत नव्हतं. भाजीची पिशवी घेऊन मी बसस्टॉपवर आले आणि एक गाडी सोडून दिली, कारण माझ्याने चढवेना.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. रागाने नाही, पण विचारलं. "मला आधी का नाय सांगितलंस?"

ती अभ्यास करत होती. वर बघून म्हणाली, "तू घाबरतेस ना."

तक्रार नव्हती त्यात. मला ऐकू कमी येतं, असं सांगावं तसं तिने सांगितलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

संध्याकाळी जेवणाआधी आम्ही तिघं प्रार्थनेला बसलो. माझी पाळी आली. इतकी वर्षं मी घरातल्यांसमोर मोठ्या आवाजात एकच म्हणत आले, प्रभू, तू आहेस म्हणून आम्हाला भय नाही. तेच तोंडावर आलं होतं. मी थांबले. मग म्हटलं, "प्रभू, मला भीती वाटते. त्या दिवशी वाटत होती, आजही वाटते. माझ्या भीतीपायी माझ्या पोरीला एकटं पाडू नको."

ती माझ्याजवळ सरकली नाही. पण डोळे उघडले तर ती माझ्याकडेच बघत होती, आणि मी नजर वळवली नाही.