ओझं टेकवायची जागा

किल्ल्याच्या पायथ्याला तिकिटाची खिडकी होती आणि एकोणीस वर्षं त्या खिडकीत एकच बाई बसत आल्या होत्या. सगळे त्यांना खिडकीताई म्हणत. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा पाय बारीक आणि दोन बोटांनी आखूड राहिला होता, पण तोंडाचा पट्टा सणसणीत. किल्ला आठशे वर्षांचा, दोन वेढे पचवले, तिसऱ्यात पडला तो कायमचाच. वर छप्पर उडालेला दरबार, भटारखाना, पडका बुरूज. पायऱ्या चारशे बारा. हे सगळं त्या तिकीट फाडता फाडता धडाधड सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, बाई रोज वर जाऊन येत असणार.

एका सकाळी काठी टेकत एक म्हातारी आली. माझ्याच्याने चढणं होईल का, असं तिने विचारलं. ताईंनी नेहमीचं उत्तर दिलं, नाही जमायचं, खालूनच बघा.

"तुम्ही किती वेळा गेलात वर?" म्हातारीने सहज विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं, पण जीभ वळेना. "एकदाही नाही," ताई म्हणाल्या.

म्हातारी हसली नाही की रागावली नाही. थोडा वेळ मान वर करून बघत राहिली आणि तिकीट न घेताच निघून गेली. ताईंना ते दिवसभर सलत राहिलं. आपल्या पायाचं कुंपण आपण दुसऱ्याच्या वाटेत घातलं, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

ताई धाकट्या भावाकडे राहत. खाली त्याचं चपला-बुटांचं दुकान, वर घर. जेवताना त्यांनी सांगून टाकलं की सोमवारी किल्ला बंद असतो, तेव्हा मी चढणार. भावाचा घास हातातच राहिला.

"ताई, आहे तो पाय तरी नीट राहू दे."

भावजयही म्हणाली की निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आता हे काय खूळ. ताईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सोमवारी डबा भरून निघाल्या.

पहारेकऱ्याने दारातच चेष्टा केली, तिकीट काढलंय का? ताईंनी पर्समधून तिकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्या दिवशी चाळीस पायऱ्या झाल्या. गुडघा लटलट कापायला लागला तेव्हा त्या एकेक पायरी बसत बसत खाली आल्या. पहारेकऱ्याला चेष्टा केल्याचं वाईट वाटलं असावं. त्याने सांगितलं की पायथ्याच्या विहिरीकडून मागची एक वाट आहे, तिच्या पायऱ्या बुटक्या आहेत. बघण्यासारखं काही नाही म्हणून लोकांना तिकडे सोडत नाहीत.

तिसऱ्या सोमवारी दाराशी नवे बूट ठेवलेले दिसले. डाव्या तळाला चामड्याचे थर चढवून दोन बोटं उंची साधलेली. भाऊ मशीनवरून मान वर न करता एवढंच म्हणाला, "तळ ओला करू नकोस."

मागच्या वाटेवर डोंगराच्या बाजूच्या भिंतीतून मधूनमधून एकेक रुंद दगड बाहेर आला होता, कमरेच्या उंचीवर. ताईंना टेकायचं असायचं आणि दगड तर बसायला उंच. बसण्याजोगा केला असता तर तुझे हात झिजले असते का, असं त्या कधीच्या मेलेल्या गवंड्याला सुनावत. कचेरीतल्या नकाशात तिथे 'दिव्यांचे कट्टे' असं लिहिलेलं होतं.

पाचव्या सोमवारी दम लागला आणि खांद्यावरची पिशवी घसरली. ताईंनी ती तशीच दगडावर सरकवली. वाकावं लागलं नाही. परत खांद्याला लावतानाही वाकावं लागलं नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग दगडाच्या कडेवरून हात फिरवला, तर मधोमध गुळगुळीत खळगा होता. पुढे त्यांनी मोजलं. तीस-पस्तीस पायऱ्यांवर एकेक दगड, विहिरीपासून त्यांना चढवलं तिथपर्यंत.

हे दगड पाण्याचं ओझं टेकवायचे आहेत, अशी पुरातत्त्व खात्याला त्यांनी दोन पत्रं धाडली. उत्तर नाही. वर्षाच्या तपासणीला तिथल्या अधिकारी बाई आल्या तेव्हा ताई खिडकी लावून सरळ त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. अधिकारी बाई तरुण होत्या, भल्या होत्या, पण घाईत होत्या. ते दिव्यांचेच कट्टे आहेत, असं त्यांनी समजावलं.

"मग काजळी कुठेय?" ताईंनी विचारलं. "मॅडम, वीस लिटरचा कॅन भरून घ्या आणि वरपर्यंत माझ्याशी वाद घाला."

काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कॅन उचलला. पहिला दगड मागे पडला. दुसऱ्याशी हात बदलला. तिसऱ्याशी दिव्यांबद्दल बोलता बोलताच त्यांनी कॅन दगडावर टेकवला, आणि वाक्य अर्धंच राहिलं. बराच वेळ त्या खळग्यातून बोट फिरवत होत्या. मग टेप काढून मापं घ्यायला लागल्या. कॅन तिथेच राहिला असता, पण ताईंनी तो पुढे उचलायला लावला.

वाट भटारखान्यात निघाली. चुलीशेजारी पाणी ओतायची दगडी डोणी होती. ताई वर येण्याची ती पहिलीच वेळ. वारा तोंडावर येत होता, गुडघा ठणकत होता, आणि खाली त्यांच्या खिडकीचं पत्र्याचं छप्पर नखाएवढं दिसत होतं. डोणीच्या काठाला धरून त्यांनी चहूकडे पाहिलं.

"दरबार मी सांगते त्यापेक्षा लहान आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून नीट सांगीन."

खात्याची चाकं फिरायला चौदा महिने गेले. मागची वाट उघडली, दगडांशेजारी बसायला बाक आले. गुडघे धरून चालणारी, कडेवर मूल घेतलेली माणसं त्या वाटेने वर जायला लागली. वाटेवर लावायच्या फलकाचा मसुदा ताईंना दाखवायला आला, त्यात 'पाणी आणणाऱ्या दासी' असं होतं. दासी होत्या हे कुणी सांगितलं, असं ताईंनी विचारलं. पुरावा नसल्याचं अधिकारी बाईंनी कबूल केलं. तीन मसुदे परत गेले, तेव्हा कुठे फलकावर 'पाणी वाहणारी माणसं' असं आलं.

निवृत्तीनंतर ताई आठवड्यातून दोनदा आठ-आठ जणांना त्या वाटेने नेऊ लागल्या. मध्ये गुडघा सुजला, डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं. एकसष्टाव्या दिवशी सकाळी त्या विहिरीपाशी हजर होत्या, आणि आठही जण आल्याशिवाय निघायचं नाही म्हणून उरलेल्या दोघांची वाट बघत उभ्या होत्या.