छतावरचा खोर

माझी शेजारीण झेवर घाबरट आहे, हे आमच्या पिशदरा गावात शेंबडं पोरही सांगेल. कुत्रं भुंकलं नाही की ती घाबरते, भुंकलं की जास्त घाबरते. नदी गोठताना कडाकड वाजते तेव्हा हातातली रोटी खाली ठेवते. लोक हसतात. मला त्या हसण्याची चीड आहे. ज्यांचं आयुष्यात काही गेलं नाही, त्यांनी दुसऱ्याच्या भीतीला हसायचं, हा कुठला न्याय? म्हणून लिहायला बसले. शाळा मला फार मिळाली नाही, कचेरीत भांडून भांडून अक्षर शिकले. शब्द खडबडीत असतील, चालवून घ्या. नाही घेतलेत तरी लिहिणारच आहे.

झेवर लग्न होऊन आली ती पोरवयात. पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे तिने मेंढवाड्याचं दार उघडलं आणि पाय टाकला तो ओल्यात. सगळी मेंढरं मरून पडली होती. त्यांच्यामध्ये हिमबिबट्या पोटभर रक्त पिऊन निजला होता, मांजरासारखा, शेपूट नाकावर ओढून. छताच्या भोकातून उतरला होता. त्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. एवढंच. तेव्हापासून ती त्याचं नाव घेत नाही. 'तो' म्हणते.

आमच्या मेंढवाड्यांना खिडकी नसते. छताला एक भोक, उजेड यायला आणि वाफ जायला. थंडी आली की त्या भोकावर खोर ठेवायचा. खोर म्हणजे काट्याचा गोळा. डोंगरावर पावलापावलाला उगवतो, अंग चोरून बसलेल्या साळिंदरासारखा. मेंढी तोंड लावत नाही, गाढव लावतं आणि पस्तावतं. चुलीत जळतो, बुटातून टोचतो, एरवी त्याला कोण विचारतो! वाळला की काढायचा, दुसरा ठेवायचा. झेवरच्या छतावरचा मात्र कधी काढावा लागला नाही. तिच्या नवऱ्याने तो मुळाच्या मातीसकट आणून ठेवला होता. भोकाच्या काठाला त्याने मूळ धरलं आणि फुगत फुगत सगळं भोक झाकून टाकलं. पुढे उपासमारीच्या वर्षी नवरा पिठासाठी खिंड ओलांडून गेला, तो परत आला नाही. खोर राहिला. रोज दिवस कलताना झेवर छतावर चढायची आणि त्याच्याभोवतीचे दगड दाबून बघायची. खालून बाया ओरडायच्या, "झेवर, नवऱ्याचे पाय चेपून झाले का गं?"

मागच्या शरदात दोन म्हातारे परदेशी, नवरा-बायको, दुभाषी घेऊन आले. दिवसभर डोंगरावर गुडघ्यांवर रांगत होते.

"काय हरवलंय यांचं?" मी विचारलं.

"खोर बघतायत," दुभाषी म्हणाला. "त्यांच्याकडे याच्यासाठी लोक जीव टाकतात. काचेच्या घरात लावतात, वरून कापसाने धूळ पुसतात."

"मग त्यांच्याकडे मेंढ्या नसणार," झेवरचा मुलगा मिर्झोनबोत म्हणाला, आणि सगळी गल्ली हसली. म्हातारा-म्हातारीही हसले, काही न कळता.

मग त्यांची नजर झेवरच्या मेंढवाड्यावर गेली. म्हातारीने दोन्ही हात छातीवर ठेवले. इतका जुना, इतका गोल खोर आपण जन्मात पाहिला नाही, असं काहीतरी ती बोलली आणि तिचे डोळे भरून आले. आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्याच्या तोंडून ज्या वस्तूची तारीफ निघाली, ती त्याचीच. टोपी असो, कटोरा असो, नाही म्हणायचं नसतं. मिर्झोनबोत छतावर चढला, कुदळीने काठ मोकळा केला आणि अख्खा खोर ओल्या गोणपाटात बांधून त्यांच्या गाडीत ठेवला. भोकात गवताचं पोतं कोंबलं, वर दगड ठेवला. झेवर पाणचक्कीवर दळायला गेली होती.

परत आली आणि छताकडे बघून उभीच राहिली.

"कुठंय?"

"आई, पाहुण्यांनी तारीफ केली. काय करणार?"

"तुझ्या बायकोची केली असती तर?"

"खोरच तो! डोंगर भरलाय त्याने. उद्या दुसरा आणतो."

"पोतं सरकेल. पोतं मऊ असतं. तो पोत्यावर पाय ठेवेल..."

"कोण तो? चाळीस वर्षं झाली आई, तो म्हातारा होऊन मेलासुद्धा असेल."

उद्याचा परवा झाला. मग बर्फ पडलं, जमीन लोखंड झाली, खोर कमरेइतक्या बर्फाखाली गेले. झेवरची झोप उडाली. दिवसातून कितीदा शिडी चढायची, पोतं चाचपायची, उतरायची, पुन्हा चढायची. सून ओइनिसो पोटुशी होती, हसरी, तोंडाळ. "सासूबाई, तुम्ही छतावरच बिछाना घाला, मी चहा वर पाठवते," म्हणायची.

आणि चिल्ल्यातली, कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांतली ती संध्याकाळ. मी माझ्या छतावरचं बर्फ लोटत होते, शेजारी झेवर तिच्या. मेंढवाड्याचं छत आमच्या पायांखाली, दोन हात खाली. उजेड अजून होता. झेवरचं फावडं थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं, मग ती बघत होती तिकडे.

पोतं भोकाशेजारी बर्फावर पडलेलं होतं. डोंगराच्या बाजूने छतावर पावलं आली होती, रुंद, गोल, वाटीएवढी. भोकापर्यंत आली होती. परत गेलेली एकही नव्हती.

आणि आत मेंढवाड्यात दूध काढता काढता ओइनिसो गाणं गुणगुणत होती.

मी ओरडणार, तोच झेवरने माझं मनगट धरलं. तिची नखं अजून माझ्या हातावर आहेत. "ओरडू नकोस," ओठांनीच म्हणाली. "ती पळेल. तो पळणाऱ्यावर येतो."

मग ती शिडीवरून उतरली. तिच्या पायांखाली शिडी खडखडत होती. दारापासून चार पावलांवर थांबली आणि रोजच्या आवाजात, सासूच्या कुरकुरत्या आवाजात बोलली. तो आवाज तिने कुठून आणला, खुदालाच माहीत.

"सूनबाई, दूध काढतेस की शेळीची सोयरीक जमवतेस? ये बाहेर."

"येते हो. एक राहिलीय."

"राहू दे. चहा उतू चाललाय."

"उतू जाऊ दे, तुम्हीच तर ठेवलाय!" आतून हसण्याचा आवाज आला. "आज यांना काय झालंय कळत नाही सासूबाई. सगळ्या दाराशीच गोळा झाल्यात, एकमेकींच्या अंगावर चढतायत, पान्हाच सोडत नाहीत. मागे जायला तयारच नाहीत. थांबा, मी बघते मागे काय आहे ते."

झेवरने डोळे मिटले. मला वाटलं, पडली आता.

"बघू नकोस," झेवर म्हणाली. आवाज तसाच, रोजचा. "पाहुणे आलेत."

आत गाणं थांबलं. "आत्ता? या थंडीत? कोण?"

"लांबचे. दारात उभे आहेत आणि घरात कुणी नाही. नाव घालवशील का माझं?"

चहासाठी न येणारी सून पाहुण्यांसाठी येणार नाही, असं आमच्याकडे होत नाही. चरवी ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं, ओढणी सारखी करत ओइनिसो वाकून बाहेर आली आणि तिच्या पायांतून शेळ्या मुसंडी मारून सुटल्या. झेवरने तिचा दंड पकडला.

"शिडी चढ. मागे बघू नकोस. चढ."

"पण पाहुणे..."

"चढ म्हणते ना रांडे!"

आयुष्यात झेवरच्या तोंडून शिवी ऐकली ती तेवढीच. ओइनिसो पोट सांभाळत चढली, मी वरून तिचा हात ओढला, मागून झेवर. तिघी छतावर एकमेकींना धरून बसलो. खाली मेंढरं अंगणभर पांगली. मग दार नुसतंच काळं उघडं राहिलं, बराच वेळ. कुत्रं सरपणाखाली शिरून कण्हत होतं.

तो बाहेर आला तेव्हा काही आवाज झाला नाही. राखी, ठिपक्यांचा, शेपूट अंगाएवढी. दारात थांबला. मान वर करून आमच्याकडे पाहिलं. ओइनिसोच्या हाताची बोटं माझ्या बोटांत थंड पडली. मग तो भिंत चढला आणि डोंगराकडे निघून गेला, आपलंच घर सोडून चालल्यासारखा.

मागच्या कोपऱ्यात एक मेंढी मेलेली सापडली. चरवीपासून चार हातांवर.

मिर्झोनबोत नदीवरून पाणी घेऊन आला. त्याने ती पावलं बघितली, चरवी बघितली, बायकोकडे बघितलं आणि तिथेच बर्फात बसला. दुसऱ्या सकाळी तो आणि गल्लीतले सगळे हसणारे बाप्ये कुदळी घेऊन बर्फ फोडत होते. एका खोरासाठी दुपार झाली. झेवरने तो भोकावर ठेवू दिला, दगड मात्र स्वतः लावले. काटे हातात घुसत होते. पण कुणाला हात लावू देईना.

आता ओइनिसोच्या मांडीवर पोरगी आहे. तिची जीभ अजून तशीच तिखट आहे. फक्त एक गोष्ट बदलली. त्या घरात 'पाहुणे आलेत' असं कुणी म्हणत नाही. खरेच कुणी आले तर 'माणसं आलीत' म्हणतात. मागे मी विसरून दारातून तसं बोलले. ओइनिसोच्या हातून कटोरा पडला. पोरीला उराशी घट्ट धरून ती शिडीकडे निघाली, आणि झेवर तिच्या आधीच वर पोचली होती.